महाजालावरील मराठी वार्तासमूह व त्यांचीं दप्तरें

येथें मालेगांवीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं पोथ्या पाहावयास गेलों असतां रुमालांच्या राशींत सुमारें चाळीस छापील कागदांचा एक गठ्ठा हातीं आला. अक्षरें रोमन, भाषा मात्र शुद्ध मराठी. यजमानांचे बंधु अमेरिकेंत शिकत असतां १९९५ सालीं त्यांनीं 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या वार्तासमूहांतील कांहीं पत्रें छापून घेतलीं होतीं, तीं हीं. "रद्दींत घालणार होतों," असें यजमान म्हणाले. आपल्या संग्राहक मंडळींच्या हातूनही असेंच होण्याचा संभव असल्यामुळें या कागदांची जात कोणती, हें सांगणें अवश्य वाटतें.

वार्तासमूहांची मूळ योजना, जिला यूजनेट म्हणतात, ती टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनीं इ. स. १९७९ मध्यें आंखिली. तींत मध्यवर्ती कचेरी अशी नव्हतीच. एका संगणकावर टाकलेलें पत्र शेजारच्या संगणकाकडे जाई, तेथून त्याच्या शेजाऱ्याकडे; आणि प्रत्येक ठिकाणीं त्याची स्वतंत्र नक्कल उतरे. एका मठांतील पोथी दुसऱ्या मठांत उतरून घ्यावी, तसाच हा प्रकार. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठभेदांचा घोटाळा माजला होता म्हणून. परंतु पाठभेद दिसण्यास मुळांत प्रती अनेक असाव्या लागतात, हें आपण विसरतों. ग्रंथ तगतो तो अशा अनेक प्रतींच्या बळावर.

येथें एक भेद मात्र लक्षांत ठेविला पाहिजे. पोथी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राही. वार्तासमूहांतील पत्रें जागेच्या अभावीं कांहीं दिवसांनीं अथवा आठवड्यांनीं पुसून टाकीत. प्रती हजारों, पण आयुष्य अल्प. तरीही आरंभींचीं पत्रें वांचलीं, याचें श्रेय एका संग्राहकाचें आहे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांतील हेन्री स्पेन्सर यांनीं १९८१ ते १९९१ पर्यंतचीं पत्रें १४१ चुंबकीय फितींवर उतरून ठेविलीं होतीं. सुमारें वीस लक्ष पत्रांचें हें दप्तर पुढें गूगल कंपनीच्या संग्रहांत दाखल होऊन डिसेंबर २००१ मध्यें सर्वांस खुलें झालें. स्पेन्सर यांस तसें करण्यास कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं, कारण पत्रें त्यांच्या दारीं आपोआपच येत होतीं. माझ्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म येथेंच आहे.

वार्तासमूहांस उतरती कळा लागण्याचीं कारणें अनेक. द्वारपाल नसल्यानें जाहिरातींचा सुळसुळाट झाला. एप्रिल १९९४ मध्यें दोन अमेरिकन वकिलांनीं हजारों समूहांत एकच जाहिरात टाकून त्याचा कित्ता घालून दिला. पुढें जोडणी देणाऱ्या कंपन्यांनीं ही सेवा एकामागून एक बंद केली. जेथें तिचा जन्म झाला त्या ड्यूक विद्यापीठानेंही आपला सर्व्हर २० मे २०१० रोजीं थांबविला.

मराठी मनुष्यास आणखी एक अडचण होती, ती लिपीची. वार्तासमूहांत व्यवहारतः रोमन अक्षरेंच सुरक्षित जात. म्हणून अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या लिप्यंतरपद्धति उपयोगांत आल्या. बालबोध अक्षर डोळ्यांस दिसावें ही ओढ स्वाभाविकच होती, व ती संकेतस्थळांवर पुरी झाली. १६ सप्टेंबर १९९६ रोजीं, गणेशचतुर्थीस, अजय गल्लेवाले यांनीं 'मायबोली' सुरू केली. पुढें २००४ मध्यें 'मनोगत' व २००७ मध्यें 'मिसळपाव' हीं स्थळें निघालीं. तेथें व्यवस्थापक असत, वादास आळा बसे, शिवाय जुनीं पत्रें पुसलीं न जातां जागच्या जागीं राहत. हा लाभ लहान नव्हे, आणि या स्थळांचे आपल्यावर उपकार आहेत.

परंतु आतां प्रत एकच उरली, व ती मालकाच्या घरीं. मालकानें कुलूप घातलें कीं वाचकाचा उपाय खुंटला. याहू कंपनीनें आपले 'याहू ग्रुप्स' १५ डिसेंबर २०२० रोजीं कायमचे बंद केले, तेव्हां ज्यांनीं आधीं नकला करून घेतल्या त्यांच्याजवळच कांहीं शिल्लक राहिलें. खुद्द गूगलनेंही २२ फेब्रुवारी २०२४ पासून वार्तासमूहांतील नवीं पत्रें घेणें थांबविलें. जुनीं तेवढीं पाहावयास ठेविलीं आहेत.

जुन्या टंकांची गोष्ट तर याहून बिकट. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत लिहीत; तो टंक नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. महानुभावांच्या सकळ लिपींतील पोथ्या किल्ली सांपडेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांस अशाच मुक्या होत्या. रोमन लिपींतले आमचे चाळीस कागद मात्र आजही कोणासही वाचतां येतात, ही यांतली गंमत.

या कागदांत आहे तरी काय? एका शब्दाच्या व्युत्पत्तीवरून झालेली हमरीतुमरी, चकलीच्या भाजणीचें प्रमाण, भाड्याच्या खोलीची चौकशी. पेशवे दप्तरांतील खर्चाच्या याद्यांवरून आपण त्या काळचें जेवणखाण ठरवितों. परदेशीं गेलेल्या मराठी पिढीचें तें उद्यां यांवरूनच ठरवावें लागेल. कागद चुरगळलेले असले तरी प्रत्येकाच्या माथ्यावर तारीख व वेळ आहे, हें आपल्या बहुतेक बाडांविषयीं म्हणतां येत नाहीं.

मीं सर्व कागदांची नक्कल करून घेतली आहे. मूळ गठ्ठा यजमानांनीं पुनः रुमालांत बांधिला, व त्यावर मीं 'इ. स. १९९५, भाषा मराठी, लिपि रोमन, पृष्ठें ४०' अशी चिठी लाविली.