मांजराला न्यूमोनिया झाला तर

थंडीच्या दिवसांत खोकला-तापाची मुले दवाखान्यात येतात. त्यांच्या आईवडिलांकडून कधीकधी एक वेगळा प्रश्नही येतो : ‘‘डॉक्टर, आमच्या मांजराची छाती भरलीय. बाळाचं उरलेलं तापाचं औषध दिलं तर चालेल का?’’ करकंबसारख्या गावात घरोघरी मांजर असते, मुलांचा त्याच्यावर जीव असतो, त्यामुळे प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. उत्तर मात्र ठाम ‘नाही’ असे आहे. मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांवर उपचार करणे हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. पण आजार ओळखणे, वेळेवर नेणे आणि घरी शुश्रूषा करणे हे घरच्यांच्याच हातात असते. त्याची माहिती सर्वांना असावी म्हणून हा लेख.

न्यूमोनिया म्हणजे काय?

फुफ्फुसात हवेचे लाखो बारीक फुगे असतात. तेथे श्वासातला प्राणवायू रक्तात जातो. जंतूंमुळे हे फुगे सुजून पू व पाणी यांनी भरले, की तेवढा भाग निकामी होतो. हाच न्यूमोनिया. मांजरात याची सुरुवात बहुधा विषाणूंच्या सर्दीने होते. शिंका, नाक-डोळे गळणे, तोंडात फोड अशी लक्षणे दिसतात. अंगातली ताकद कमी झाली की मागून जिवाणू छातीत उतरतात. लहान पिले, म्हातारी मांजरे आणि उपाशी-अशक्त मांजरे यांना धोका जास्त.

दुसरे कारण आपणच निर्माण करतो. आजारी मांजराचे तोंड वर धरून दूध, तूप किंवा एरंडेल घशात ओतले, तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते. तेलकट पदार्थाने खोकलाही पुरेसा येत नाही आणि तो सरळ फुफ्फुसात उतरतो.

श्वास मोजा

आशाताई तान्ह्या बाळाच्या छातीकडे पाहून मिनिटाचे श्वास मोजतात. मांजराचेही तसेच मोजता येतात. मांजर शांत बसलेले किंवा झोपलेले असताना कुशीकडे पाहावे. कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. निरोगी मांजराचे श्वास साधारण २० ते ३० असतात. स्वस्थ असतानाही ते ४० च्या वर जात असतील तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये : तोंड उघडून धापा टाकणे, मान पुढे ताणून व कोपरे फाकवून बसणे, आडवे होता न येणे, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, अंग गार लागणे. कुत्रा पळून आल्यावर जीभ काढून धापा टाकतो, ते नेहमीचे आहे. स्वस्थ बसलेल्या मांजराने तसे करणे गंभीर समजावे.

धाप हृदयविकाराने, दम्याने किंवा छातीत पाणी झाल्यानेही लागते. बाहेरून पाहून फरक सांगता येत नाही, त्यासाठी तपासणी व एक्स-रे लागतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथमोपचार घ्यावेत आणि तेथील डॉक्टरांनी सांगितल्यास पंढरपूर किंवा सोलापूरला न्यावे. आपल्या भागाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. नेताना झाकणाच्या टोपलीत किंवा हवा जाईल अशा खोक्यात फडके घालून न्यावे. मोटारसायकलवर वारा लागू देऊ नये, पण पिशवीत कोंबूही नये. धाप लागलेले मांजर घाबरले, धडपडले तर तेवढ्यानेही दगावू शकते.

घरातल्या गोळ्या म्हणजे विष

वाचकहो, लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, ना गोळी, ना मुलांचे पातळ औषध. आपले यकृत ज्या रसायनाच्या मदतीने हे औषध निकामी करते, ते मांजराच्या यकृतात फार कमी असते. त्यामुळे औषधाचे विष बनते आणि रक्तातील लाल पेशींची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. न्यूमोनियात प्राणवायू आधीच कमी पडत असतो, तेथे ही गोळी म्हणजे दुहेरी घात. आयब्युप्रोफेन व ॲस्पिरिनसुद्धा मनाने देऊ नये. दिले गेलेच असेल तर पशुवैद्यकाला न लपवता, किती व केव्हा ते सांगावे.

शिवाय मांजराचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असते. १०२ अंश फॅरनहाइट हा आपल्याला ताप, पण मांजराचे ते नेहमीचे तापमान. म्हणून हाताला गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नये.

बाम, कापूर, निलगिरीचे तेल छातीला चोळू नये. मांजर अंग चाटते आणि ते सारे पोटात जाते.

घरची शुश्रूषा

पशुवैद्यकाने औषध सुरू करून घरी पाठवले, की खरी सेवा सुरू होते.

ऊब : कोरडी, वाऱ्याच्या झोताबाहेरची जागा द्यावी. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. मांजर उबेसाठी चुलीजवळ जाते, पण धुराने फुफ्फुसाला आणखी त्रास होतो. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्तीही त्या खोलीत नको.

वाफ : मांजराला कापडाखाली कोंडून वाफ देऊ नये. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून दार लावावे, मांजर मांडीवर घेऊन १० मिनिटे दूर बसावे. पाण्यात काहीही टाकू नये. याने धाप वाढते असे वाटले तर लगेच बाहेर आणावे.

कूस : मांजर पडूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे एकाच बाजूला कफ साठत नाही. शक्यतो छातीवर बसते ठेवावे.

खाणे-पिणे : मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की भूकच मरते. कोमट ओल्या फडक्याने नाक-डोळ्यांची खपली पुसावी. उकडलेली मासळी किंवा कोंबडी कोमट करून थोडी थोडी द्यावी. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे, म्हणून घरचा रस्साही नको. दुधाने पुष्कळ मोठ्या मांजरांना जुलाब होतात. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो, म्हणून खाणे बंद असेल तर थांबू नये. कातडीखालून सलाइन किंवा नळीने अन्न देण्याची सोय पशुवैद्यकाकडे असते. धापा टाकणाऱ्या मांजराला तोंडाने काहीही भरवू नये.

औषध : प्रतिजैविकाचा कोर्स दोन-तीन आठवडे किंवा अधिकही चालतो. मांजर खेळू लागले म्हणून मध्येच बंद करू नये. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिल्यास अन्ननलिकेत अडकून जखम करते, तिच्या मागून थोडे पाणी किंवा अन्न पोटात जायला हवे.

घरातल्या माणसांसाठी

मांजराची नेहमीची सर्दी माणसाला होत नाही, दुसऱ्या मांजरांना मात्र लगेच लागते. आजारी मांजराचे भांडे व अंथरूण वेगळे ठेवावे. बर्ड फ्लूचा अपवाद लक्षात ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या त्याने दगावले. मांजरकुळाला हा रोग होतो. म्हणून कच्ची कोंबडी मांजराला घालू नये. परिसरात कोंबड्या किंवा कावळे अचानक मरत असतील तर पशुवैद्यकाला ते आवर्जून सांगावे.

लाळ गळणारे, आवाज बदललेले, अंगावर येणारे मांजर पिसाळलेलेही असू शकते. त्याच्या तोंडात हात घालू नये. आजारी मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना लावून घरी बसू नये.

सगळे केले तरी काही मांजरे वाचत नाहीत, विशेषतः लहान पिले. मुलांना हे खरे तेच सांगावे. पण मांजराच्या सर्दीची व रेबीजची लस पिलू दोन-तीन महिन्यांचे असतानाच पशुवैद्यकाकडून टोचून घेता येते. सर्दीची लस आजार पूर्ण टाळत नसली तरी त्याचा जोर कमी करते. घरात नवे पिलू आणले असेल तर या आठवड्यातच चौकशी करावी.