खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची गाळणी
केवळ मासे ठेवावयाच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी गाळणी निवडताना पाण्याच्या नितळपणावर विसंबू नये. माशांच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाही. आणि समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने तेथे तो अधिकच घातक ठरतो. म्हणून नुसता गाळ अडविणाऱ्या कापसापेक्षा जीवाणूंच्या वस्तीस विपुल पृष्ठभाग देणारी सच्छिद्र गाळणी श्रेयस्कर. हे जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वसाहत स्थिरावण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने गाळणी धुणे म्हणजे ही वसाहतच उद्ध्वस्त करणे होय! फेस काढणारे यंत्र जोडल्यास सूक्ष्म बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण कुजण्यापूर्वीच निघून जाते. नायट्रेट मात्र साचतच राहते. त्यासाठी थोडेथोडे पाणी नियमाने बदलावे लागते.