म्हाताऱ्या मनीचा उपास

म्हातारी मनी बशीपर्यंत येते, वास घेते आणि तोंड फिरवते. घरचे म्हणतात, पोट बिघडलंय, दोन दिवस उपाशी राहिली की सुधारेल. माणसाला हे चालून जातं, मांजराला नाही.

अन्न आलं नाही की शरीर साठवलेली चरबी मोकळी करून यकृताकडे पाठवतं. तिथून ती पुढे धाडायला प्रथिनं लागतात, आणि पक्क्या मांसाहारी मांजराला ती रोजच्या जेवणातूनच मिळतात. मग गोदामात ट्रक येत राहावेत आणि हमाल एकही नसावा, तसं यकृत चरबीनं तुंबतं. दोन-तीन दिवसांच्या उपासातही हे सुरू होऊ शकतं. लठ्ठ मांजराला धोका अधिक. हिरड्या, कानाची आतली कातडी पिवळी दिसू लागते.

त्यात मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडण्याआधी एकत्र येतात. म्हणून आतडं, स्वादुपिंड आणि यकृत यांना अनेकदा एकदमच सूज येते.

तेव्हा पूर्ण दिवस न जेवलेलं मांजर पशुवैद्याकडे न्याच. अन्न जरा कोमट करून पाहा: म्हातारपणी नाक मंदावतं, आणि मांजर जेवतं ते वासावर. गरज पडल्यास डॉक्टर नळीतून भरवतात, कधी कित्येक आठवडे. वेळेत सुरुवात झाली तर बरीच मांजरं यातून उठतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरच्या घरी औषध म्हणून पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. ते निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. एक गोळीही जीव घेऊ शकते.