भातुकलीचें हॉटेल

एखादा चित्रपट एकास आवडावा व दुसऱ्यास नावडावा यांत नवल तें काय! परंतु दोघांनींहि एकाच गुणावर बोट ठेवावें, आणि एकानें त्यासाठीं चित्रपटास डोक्यावर घ्यावें व दुसऱ्यानें त्याच कारणानें नाक मुरडावें, हा प्रकार थोडा विरळा. वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' या विनोदी चित्रपटाच्या बाबतींत तो घडला. २०१४ सालच्या बर्लिन महोत्सवाचा आरंभ याच चित्रपटानें झाला. तेव्हांपासून त्याच्या प्रेक्षकांत जे दोन तट पडले आहेत ते अद्यापि मिटले नाहींत.

वादाचा विषय आहे तो चित्रपटाची मांडणी. झुब्रोव्का नांवाचा एक काल्पनिक देश; तेथील डोंगरावर फिकट गुलाबी रंगाचें एक भव्य हॉटेल. दुरून दिसणारें हें हॉटेल म्हणजे खरी इमारत नसून हातांनीं घडविलेली प्रतिकृति आहे. आंतील दिवाणखाना मात्र जर्मनींतील गोर्लिट्झ या सीमेवरच्या गांवीं, १९१३ सालीं उघडलेल्या व पुढें ओस पडलेल्या एका मोठ्या दुकानांत उभारलेला. पात्रें चौकटीच्या बरोबर मध्यावर उभीं राहतात, वळलीं तर काटकोनांतच वळतात, आणि बोलतात तीं धडे पाठ केल्याप्रमाणें भराभर. चौकटीचा आकारहि काळाप्रमाणें बदलतो. १९३२ सालची कथा जवळजवळ चौरस पडद्यावर दिसते, १९६८ सालची चांगल्या ऐसपैस पडद्यावर.

नाराज प्रेक्षक म्हणतात, ही भातुकली आहे. हींत बाहुल्या आहेत, माणसें नाहींत. चित्रपटास मिळालेलीं चार ऑस्कर पारितोषिकें ते पुराव्यादाखल पुढें करतात. संगीताचें एक सोडलें तर उरलेलीं तीन नेपथ्याचीं, वेषभूषेचीं व रंगभूषेचीं. कथेस व अभिनयास एकहि नाहीं! हा युक्तिवाद चतुर असला तरी पोकळ आहे. राल्फ फाइन्स यांनीं रंगविलेला गुस्ताव्ह ज्यानें लक्षपूर्वक पाहिला तो त्याला बाहुली म्हणणार नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कथेंत काळ्या गणवेशाचे सैनिक देश व्यापतात. ज्या राजवटीनें लक्षावधि जीव घेतले तिची छाया विनोदी चित्रपटांत, तीहि अशा मिठाईच्या रंगांत, आणावी काय? हा प्रश्न जुना आहे. बर्लिनमध्यें जन्मलेल्या अर्न्स्ट लुबिच यांनीं १९४२ सालीं नाझींनीं व्यापलेल्या वॉर्सावर विनोदी चित्रपट काढला, तेव्हां त्यांच्यावरहि असाच गहजब झाला होता. अँडरसन यांचा हा चित्रपट लुबिच यांच्याच वळणाचा आहे.

आक्षेपाचें उत्तर चित्रपटांतील दोन आगगाड्यांत मिळतें. गुस्ताव्ह हा हॉटेलांतील पाहुण्यांची सर्व बडदास्त ठेवणारा कारभारी; झीरो हा त्याच्या हाताखालचा पोरका, निर्वासित पोऱ्या. दोघे आगगाडीनें जात असतां सैनिक गाडी थांबवितात, झीरोचीं कागदपत्रें पुरेशीं नाहींत म्हणून त्यास ओढूं लागतात. गुस्ताव्ह आडवा पडतो आणि मार खातो. इतक्यांत त्यांचा अधिकारी येतो. लहानपणीं आईबापांबरोबर हॉटेलांत उतरलेल्या या गृहस्थास गुस्ताव्हनें दाखविलेला जिव्हाळा आठवतो, व तो झीरोस परवाना लिहून देतो. प्रेक्षक हंसतात. पुढें तसाच डबा, तसेच सैनिक, तीच मांडणी. फक्त पडद्यावरील रंग नाहींसा झालेला असतो. या खेपेस ओळखीचा अधिकारी येत नाहीं. परवाना फाडला जातो, गुस्ताव्ह पुनः आडवा पडतो. त्याला गोळी घातली, एवढेंच म्हातारा झीरो एका वाक्यांत सांगून टाकतो. पहिलें दृश्य इतकें आंखीव नसतें तर दुसऱ्यांत काय हरवलें हें कळलें नसतें. ज्याला मांडणीचा कंटाळा आला तो येथें मांडणीमुळेंच चरकतो.

तुरुंगांतून पळाल्यावरचा प्रसंगहि असाच. झीरोनें अत्तर आणलें नाहीं म्हणून गुस्ताव्ह त्याच्यावर चिडतो, त्याच्या देशास व जातीस नांवें ठेवतो. लढाईंत घरचीं माणसें मारलीं गेलीं, गांव जाळला, म्हणून आपण पळून आलों, असें झीरो शांतपणें सांगतो. आणि गुस्ताव्ह खजील होऊन क्षमा मागतो. अत्तराच्या कुपीवरून माणुसकीपर्यंत ही उडी अर्ध्या मिनिटांत घेतली जाते.

अर्थात् चाहत्यांचें सगळेंच खरें नव्हे. बर्फावरील पाठलाग निव्वळ पोरखेळ आहे, आणि झीरोची प्रिया अगाथा हिच्या वाट्यास गालावरच्या खुणेपलीकडे फारसें कांहीं आलेलें नाहीं. ज्या स्त्रीवर कथेचा शेवट टेकलेला आहे ती इतकी पुसट असावी ही उणीव रंगांनीं झांकली जात नाहीं.

या कृत्रिमतेचें मूळ मात्र ध्यानांत घेतलें पाहिजे. स्टेफान त्स्वाइग यांच्या लेखनावरून ही कल्पना सुचल्याचें चित्रपटाच्या अखेरीस नमूद केलें आहे. १८८१ सालीं व्हिएन्नांत जन्मलेल्या या लेखकाचीं पुस्तकें नाझींनीं जाळलीं, देश सुटला, आणि १९४२ सालीं ब्राझिलमध्यें त्यांनीं पत्नीसह आत्महत्या केली. आपल्या जुन्या जगाचें चित्र त्यांनीं परदेशीं बसून आठवणीनें काढलें होतें. झुब्रोव्काहि आठवणींतलाच देश आहे. एक मुलगी पुस्तक वाचते, पुस्तकांत लेखक बोलतो, लेखकास झीरोनें सांगितलेलें असतें. गुस्ताव्हचें जग तो येण्यापूर्वींच संपलेलें होतें, असें खुद्द झीरोच म्हणतो.

१९६८ सालीं तेंच हॉटेल ओसाड व कळकट झालेलें दिसतें. पाहुणे मोजके, भिंतींवर सूचनांच्या पाट्या. मालक झीरो अमाप संपत्ति सरकारच्या हवालीं करून एवढीच एक तोट्याची वास्तु राखून असतो, तीहि गुस्ताव्हसाठीं नव्हे, अगाथाबरोबर तेथें काढलेल्या थोड्या दिवसांसाठीं. आणि मुक्कामास आला म्हणजे मोठीं दालनें सोडून नोकरांच्या मजल्यावरील एका अरुंद खोलींत निजतो.