पंख कोणासाठी?

मागे एका अभ्यासवर्गात मी उपग्रहांविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, अवकाशात हवाच नाही. मग अमेरिकेच्या त्या स्पेस शटलला एवढे मोठे पंख कशाला होते?" वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही, कारण प्रश्न नेमका होता. पंख परतताना लागतात, हवेत शिरल्यावर लागतात, असे उत्तर मी दिले. पण ते अर्धेच उत्तर होते. नुसते परत उतरायचेच असते तर लहान पंखांचा आराखडाही कागदावर तयार होता. मग मोठे पंख मागितले कोणी? उरलेले अर्धे उत्तर येथे मांडतो.

यंत्राचा आकार विज्ञान ठरविते, अशी आपली भाबडी समजूत असते. विज्ञान काय शक्य आहे ते सांगते. शक्य असलेल्यातून काय घडवायचे, हे मात्र सत्ता आणि पैसा ठरवितात. स्पेस शटल हे याचे ठळक उदाहरण आहे.

१९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, पण नासाच्या पैशाला कात्री त्याआधीच लागली होती. पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला. पुन्हा पुन्हा वापरता येईल असे यान बनवू, म्हणजे अवकाशात जाणे स्वस्त होईल, असा युक्तिवाद नासाने केला. परंतु हा हिशेब जुळण्यास एक अट होती. उड्डाणे भरपूर झाली पाहिजेत. देशातले सगळे उपग्रह याच यानाने गेले पाहिजेत, त्यात लष्कराचेही. हवाई दलाकडे स्वतःची रॉकेटे होती. त्याला या यानाची निकड नव्हती. निकड नासाला होती. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. मी म्हणेन, अक्कल असते, पण घासाघीस करण्याची ताकद नसते. यान बांधण्याच्या खर्चाचा भार हवाई दलाने उचलला नाही. अटी मात्र घातल्या.

पहिली अट आकाराची. मालाचा कप्पा ६० फूट लांब आणि १५ फूट रुंद हवा. रुंदी नासालाही हवी होती, कारण पुढे अवकाशस्थानकाचे भाग न्यायचे होते. लांबीचा आग्रह मात्र लष्कराचा होता. तो कशासाठी, याची कल्पना २०११ साली 'हेक्सागॉन' या टेहळणी उपग्रहांवरील गुप्ततेचा पडदा उठल्यावर सर्वांना आली. त्या उपग्रहाची लांबीच सुमारे ६० फूट होती. दुसरी अट वजनाची. पूर्वेकडे उडताना ६५ हजार पौंड आणि ध्रुवीय कक्षेत ४० हजार पौंड. अंदाजपत्रक खात्याने लहान कप्पा सुचवून पाहिला. टिकला तो मोठाच.

तिसरी अट पंखांची, आणि तीच आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग तळावरून यान उडावे, ध्रुवांवरून पृथ्वीभोवती एकच फेरी मारावी आणि त्याच तळावर उतरावे, अशी मागणी होती. एका फेरीस सुमारे दीड तास लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वी थांबत नाही. तळ सुमारे दोन हजार किलोमीटर पूर्वेला सरकलेला असतो. म्हणजे परतताना यानाने आपल्या वाटेपासून तितकेच बाजूला तरंगत गेले पाहिजे. नासाचे अभियंते मॅक्स फॅजे यांच्या आराखड्यात आखूड, सरळ पंख होते. त्या आराखड्यावरही आक्षेप होते, पण मुख्य म्हणजे त्याला एवढे दूर सरकणे जमणारे नव्हते. त्यासाठी त्रिकोणी पंख हवे होते. त्रिकोणी पंख आले, वजन वाढले. तरंगण्याचा काळ लांबला, म्हणून अंग तापण्याचा काळ लांबला. जितके मोठे पंख तितकी जपावयाची कातडी मोठी. 'कोलंबिया'च्या अंगावर तीस हजारांहून अधिक उष्णतारोधक टाइल्स बसल्या, आणि बहुतेक प्रत्येकीचा आकार वेगळा. त्या हातांनी बसवाव्या लागत, हातांनीच तपासाव्या लागत. स्वस्ताईचे स्वप्न तिथेच विरू लागले.

५ जानेवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी योजना जाहीर केली. पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झाले. त्याआधी महिनाभर, १९ मार्चला, यानाच्या मागील भागात नायट्रोजन भरलेला असताना कामगार आत शिरले. त्यांतील दोघे अल्पावधीत दगावले. यान घडविणाऱ्यांची नावे उत्सवात नसतात, हे आपल्याला नवे नाही.

आणि ज्या कामासाठी पंख मागितले, ते काम झाले काय? एकदाही नाही. व्हॅन्डेनबर्गच्या तळावर तीन अब्ज डॉलरांच्या वर खर्च झाला. तेथून एकही शटल उडाले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' नष्ट झाल्यावर हवाई दल आपल्या रॉकेटांकडे वळले. खास संरक्षण खात्यासाठीच्या शटलफेऱ्या १९८५ ते १९९२ एवढ्यातच आटोपल्या. मागणारा निघून गेला. त्याने मागितलेले ओझे यानाच्या अंगावर २०११ पर्यंत, शेवटच्या १३५ व्या फेरीपर्यंत, राहिले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. 'चॅलेंजर'चा घात घन इंधनाच्या रॉकेटातील सांध्याने केला. ती रॉकेटे बांधणीचा खर्च वाचावा म्हणून निवडली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' फुटले, कल्पना चावलासह सातजण गेले, ते टाकीवरील फेसाचा तुकडा पंखाच्या कडेवर आदळल्यामुळे. लष्कराच्या अटींनीच माणसे मारली, असे मी म्हणणार नाही. परंतु अवजड यान, अपुरा पैसा आणि उड्डाणांची घाई, ही तिन्ही त्या एकाच सौद्याची अपत्ये आहेत.

सौद्याची सावली दूरवर पडली. सोव्हिएत तज्ज्ञांनी आकडे मांडून पाहिले. हे यान स्वस्त पडणे शक्य नाही, तेव्हा ते युद्धासाठीच असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी 'बुरान' बांधले. ते १९८८ साली एकदाच, माणसाविना उडाले. २००२ साली बैकानूरच्या इमारतीचे छप्पर त्याच्यावर कोसळले आणि छपरावर दुरुस्ती करणारे ८ कामगार मेले.

म्हणून आपण विज्ञानाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. १९८३ च्या ऑगस्टमध्ये याच 'चॅलेंजर'ने आपला इन्सॅट-१ब वर नेला. त्या फेरीत गायन ब्लुफर्ड हा अवकाशात गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन होता. 'चॅलेंजर'च्या अपघातात गेलेला रोनाल्ड मॅकनेर याला नऊ वर्षांचा असताना गोऱ्यांच्या ग्रंथालयाने पुस्तक नाकारले होते आणि पोलिसांना बोलावले होते, अशी हकीकत त्याचा भाऊ सांगतो. पोर जागचे हलले नाही, पुस्तक घेऊनच घरी गेले. अशा माणसांनी हे यान चालविले. यान त्यांचेही होते. आराखडा मात्र त्यांचा नव्हता.

चंद्रमोहिमेच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, राल्फ ॲबरनॅथी गरिबांना आणि खेचरांच्या गाडीला घेऊन उड्डाणतळावर गेले होते. उपाशी लेकरांच्या देशात पैसा कुठे जातो, हा त्यांचा सवाल होता. नासाच्या प्रमुखांनी तो आदराने ऐकला, काहींना उड्डाण पाहण्याचे पास दिले. गरिबांना पास मिळाले. हवाई दलाला आराखडा मिळाला.

त्या विद्यार्थ्याला आज मी एवढेच सांगेन: बाबा, यंत्र पाहशील तेव्हा ते कसे चालते हे जरूर विचार. पण त्याचा आकार ठरला तेव्हा त्या खोलीत कोण बसले होते, हेही विचार. आणि आपला माणूस नुसता यानात बसून भागणार नाही. तो त्या खोलीतही असला पाहिजे.