वाद, जल्प आणि वितंडा : विद्वानांनी वाद घालायचा कसा?

समजा, एखाद्या गावच्या देवळात एक शिलालेख सापडला. त्यावर काळ कोरलेला नाही. एका तरुण संशोधिकेने अक्षरांचे वळण तपासले आणि लेख तेराव्या शतकातला असावा, असे आपल्या क्षेत्रातल्या चाळीस-पन्नास अभ्यासकांना ई-मेलने कळवले. दोन दिवसांत चार उत्तरे आली. पहिले : ‘तुमचे मार्गदर्शक कोण?’ दुसरे : ‘गेल्या वर्षी तुम्हीच एका ताम्रपटाचा काळ चुकवला होता ना?’ तिसरे तीन पानांचे होते, पण त्यात शिलालेख सोडून विद्यापीठांच्या घसरत्या दर्जाविषयी सगळे होते. चौथे दोनच ओळींचे : ‘अक्षरांचे हे वळण पुढे दोनशे वर्षे टिकून होते. तेव्हा एवढ्यावरून तेरावे शतक ठरत नाही.’

चारही उत्तरे तिच्या विरोधातली आहेत. सर्वांत जड जाणारे उत्तर चौथे आहे, आणि चारांमध्ये योग्य उत्तरही तेच. उरलेल्या तिघांचे नेमके काय चुकले? केवळ उद्धटपणा? तसे असेल तर तेच मुद्दे गोड भाषेत मांडले असते तर चालले असते का? या प्रश्नाचा बारकाईने विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. ‘वितंडवाद घालू नकोस’ असे आपण सहज म्हणून जातो. तो शब्द त्याच विचारातून मराठीत आला आहे.

तीन शब्द, तीन हेतू

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रे. परंपरेने तो अक्षपाद गौतमाचा मानला जातो आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तो आकाराला आला. ग्रंथाच्या सुरुवातीलाच, जाणून घ्यायच्या सोळा विषयांची यादी आहे. त्यात प्रमाण, संशय, तर्क यांच्याबरोबर वाद, जल्प आणि वितंडा हेही विषय आहेत. म्हणजे वाद कसा घालावा हा शिष्टाचाराचा भाग नसून ज्ञान मिळवण्याच्या पद्धतीचाच भाग आहे, असे या ग्रंथाने मानले.

या तीन शब्दांत फरक हेतूचा आहे. ‘वाद’ म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाणे देऊन, खरे काय ते ठरवण्यासाठी केलेली चर्चा. यात कोण जिंकले याला महत्त्व नाही. ‘जल्प’ जिंकण्यासाठी असतो. बाहेरून तो वादासारखाच दिसतो, पण त्यात शब्दच्छल आणि फसव्या हरकतीही वापरल्या जातात. ‘वितंडा’ म्हणजे असा जल्प, की ज्यात स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची मोडायची.

मराठीत वितंडवाद म्हणजे निरर्थक हुज्जत. मूळ अर्थ इतका वाईट नव्हता. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात दुसऱ्यांची मते खोडण्याचीच रीत स्वीकारली, आणि तो ग्रंथ वेदान्तात मानाचा ठरला. नुसती टीका करणारा माणूस नेहमीच भांडखोर असतो असे नाही. मात्र आपण टीकाच करतो आहोत, पर्यायी मत मांडत नाही आहोत, हे त्याला स्वतःला माहीत असावे लागते.

वाद कोणाशी करावा, हेही न्यायसूत्रे सांगतात : शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि ज्यांच्या मनात असूया नाही असे जाणकार. अट वयाची किंवा पदाची नाही. शिष्य यादीत आहे आणि गुरूही आहे.

हरला, हे कसे ओळखायचे?

न्यायसूत्रांच्या पाचव्या आणि शेवटच्या अध्यायात चोवीस फसव्या हरकती आणि बावीस ‘निग्रहस्थाने’ दिली आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे वाद करणारा पकडला जातो ती जागा. ही यादी आजच्या कोणत्याही चर्चेसमोर धरून पाहता येते.

मूळ विधान अडचणीत आले की हळूच दुसरेच विधान पुढे करणे हे ‘प्रतिज्ञांतर’. ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ म्हणत हात झटकणे हा ‘प्रतिज्ञासंन्यास’. विषय सोडून भलतेच बोलणे हे ‘अर्थांतर’. शिलालेखाच्या उत्तरात विद्यापीठांच्या दर्जावर तीन पाने लिहिणारे गृहस्थ इथे सापडतात. तेच ते पुन्हा सांगणे म्हणजे ‘पुनरुक्त’, आणि दुसऱ्या कामाचे निमित्त काढून मधूनच निघून जाणे म्हणजे ‘विक्षेप’.

काही नियम आणखी सूक्ष्म आहेत. एखादी गोष्ट तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळली नाही, तर दोष ऐकणाऱ्यांचा नव्हे, सांगणाऱ्याचा. याला ‘अविज्ञातार्थ’ म्हणतात. बोजड परिभाषेआड लपणाऱ्या विद्वानांसाठी ही सोय आहे. उलट, सभेला कळलेले म्हणणे तीनदा सांगूनही जो ते आपल्या तोंडाने पुन्हा सांगू शकत नाही, तो ‘अननुभाषणा’त सापडतो. म्हणजे खंडन करायचे तर आधी समोरच्याचे म्हणणे नीट सांगता आले पाहिजे. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तर द्यायचे, ही जी रीत दिसते, तिच्यामागेही हीच शिस्त आहे.

आणि एक ‘मतानुज्ञा’. आपल्यावर दाखवलेला दोष नाकारता येत नाही, म्हणून ‘तुमच्यातही तोच दोष आहे’ असे म्हणणे. असे म्हणताना आपण आपला दोष कबूलच केलेला असतो, असे न्यायशास्त्र सांगते. आपली संशोधिका चौथ्या उत्तरावर ‘तुमच्या लेखात तरी दुसरा काय पुरावा होता?’ असे लिहील, तर तीही इथे अडकेल. नियम वडीलधाऱ्यांना आहेत तसेच ते तिलाही आहेत.

गंमत म्हणजे समोरच्याची खरी चूक दिसूनही ती न दाखवणे हेही निग्रहस्थान आहे, आणि चूक नसताना ती चिकटवणे हेही. भिडेखातर गप्प बसणे आणि आकसाने दोष काढणे, दोन्ही एकाच यादीत आहेत. सभ्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

शब्दांत पकडणे

समोरच्याच्या बोलण्याचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याला खोटे पाडणे याला ‘छल’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकाराचे, वाक्छलाचे, परंपरेतले उदाहरण प्रसिद्ध आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊही. एका मुलाजवळ नवी घोंगडी आहे असे कोणी म्हटले, की छल करणारा विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते!

उदाहरण पोरकट वाटते. पण बोलणाऱ्याला काय म्हणायचे होते हे ठाऊक असूनही दुसराच अर्थ धरून बसणे, ही सवय विद्वानांच्या चर्चेत अजिबात दुर्मीळ नाही. ‘असावा’ या शब्दाकडे डोळेझाक करून ‘आहे असे तुम्ही म्हणालात’ असे लिहिणे हा त्यातलाच प्रकार.

चौथे उत्तर याहून अगदी वेगळे आहे. एकच कारण दोन वेगवेगळ्या निष्कर्षांकडे नेऊ शकत असेल, तर ते कारण पुरेसे नाही. न्यायशास्त्रात याला ‘सव्यभिचार’ नावाचा हेत्वाभास म्हणतात. तो दाखवून देणे ही संशोधिकेला केलेली मदतच आहे. आता तिला कळते, की शोध कुठे घ्यायचा : भाषेचे रूप, लेखात आलेली नावे, देवळाच्या बांधणीची शैली.

न्यायभाष्यकार वात्स्यायनाचे म्हणणे असे, की वादात सगळ्या निग्रहस्थानांचा उपयोग करायचा नसतो. हेत्वाभास, आपल्याच सिद्धांताशी विसंगत बोलणे, युक्तिवादात काही कमी पडणे किंवा जास्त होणे, एवढेच दाखवावे. कारण एवढ्याच चुकांनी सत्यापर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो. पटकन उत्तर न सुचणे, बोलताना अडखळणे यावर बोट ठेवून जिंकता येते, पण त्याने शिलालेखाचा काळ कळत नाही.

वैद्यांची चर्चा

हा विचार फक्त तत्त्वज्ञांनी केला असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी याचे सविस्तर विवेचन आहे. चूक झाली तर रोग्याच्या जिवाशी गाठ, म्हणून वैद्यांना चर्चेची गरज अधिक. चरकसंहिता चर्चेचे दोन प्रकार करते : सलोख्याची ‘संधाय संभाषा’ आणि झुंजीची ‘विगृह्य संभाषा’.

सलोख्याच्या चर्चेतले नियम साधे आहेत. निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, समोरचा विचारील त्याचे नीट उत्तर द्यावे. हरण्याची धास्ती बाळगू नये, जिंकल्यावर हर्षाने फुगू नये आणि दुसऱ्याला हरवल्याची फुशारकी चारचौघांत मारू नये.

पण याच अध्यायात झुंजीच्या चर्चेसाठी डावपेचही दिले आहेत. प्रतिपक्षाचे पाठांतर कमी असेल तर त्याच्यावर लांबलचक वचनांचा मारा करावा, असा सल्लाही त्यात आहे. आधी समोरचा माणूस आपल्यापेक्षा वरचढ आहे की कमी, आणि सभा जाणत्यांची आहे की अजाणांची, अनुकूल आहे की प्रतिकूल, हे पारखून घ्यावे, असेही सांगितले आहे. प्राचीन काळी सगळे विद्वान शांतपणे सत्य शोधत बसले होते, असे चित्र खरे नाही. राजाश्रय, शिष्य आणि प्रतिष्ठा पणाला लागत असे.

जल्प आणि वितंडेचा एक उपयोग न्यायसूत्रेही मान्य करतात. कोवळ्या रोपांना गुरे खाऊ नयेत म्हणून काट्याकुट्यांचे कुंपण घालतात, तसे हे प्रकार सत्याच्या रक्षणासाठी आहेत, असा दृष्टांत त्यात आला आहे. कुंपण शेताभोवती असावे, पण पेरणी काट्यांचीच केली तर शेतात पीक येत नाही.

ई-मेलमुळे काय बदलले?

जुन्या शास्त्रचर्चेत वादी आणि प्रतिवादी यांच्याखेरीज मध्यस्थ आणि सभासद असत. कोणी विषय सोडला तर थांबवणारे कोणीतरी समोर असे. चेहरा दिसे, आवाज ऐकू येई. गेल्या चार दशकांत विद्वानांची बरीचशी चर्चा ई-मेलवर गेली आणि या गोष्टी नाहीशा झाल्या.

त्याचा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही वाक्ये गांभीर्याने आणि काही उपरोधाने सांगायची होती. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल, असे पाठवणाऱ्यांना वाटत होते. आवाज ऐकणाऱ्यांनी तो सुमारे ७३ टक्के वेळा बरोबर ओळखला. ई-मेल वाचणाऱ्यांचे प्रमाण होते अवघे ५६ टक्के. नुसते नाणे उडवले असते तरी ५० टक्के बरोबर आले असते! लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज घुमत असतो, वाचणाऱ्यापर्यंत मात्र तो पोहोचत नाही.

म्हणूनच इंटरनेटवरील वर्तनाची जी मार्गदर्शक सूत्रे ऑक्टोबर १९९५ मध्ये तंत्रज्ञांच्या एका गटाने प्रसिद्ध केली, त्यांत भावनेच्या भरात लिहिलेले उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, असा सल्ला होता. उत्तर देताना आधी मूळ म्हणण्याचा गोषवारा द्यावा, असेही त्यात होते. न्यायसूत्रांनी ‘अननुभाषण’ टाळायला सांगितले ते याहून फार वेगळे नाही. दोघांचे भांडण सगळ्यांसमोर लांबवू नये, ते दोघांनी आपसात मिटवावे आणि इतरांच्या कामाचे काही निघाले तर त्याचा सारांश नंतर सर्वांना कळवावा, हाही त्यातला एक नियम.

नुकसान कोणाचे?

नियम मोडले की पहिला फटका चर्चेत सर्वांत दुबळा असलेल्या माणसाला बसतो. ‘तुमचे मार्गदर्शक कोण?’ हे वाचून ती संशोधिका पुढच्या वेळी लिहीलच असे नाही. आणि ती एकटीच गप्प होत नाही. ते उत्तर वाचणारे आणखी चाळीसजण असतात. त्यांच्यातल्या एखाद्याकडे शेजारच्या गावातल्या, काळ कोरलेल्या शिलालेखाचा ठसा असेल, तर तो त्याच्या कपाटातच राहील.

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) आरंभी गणेशाच्या रूपात सगळी शास्त्रे पाहिली आहेत. त्या रूपकात तर्क हा गणेशाच्या हातातला परशू आहे, आणि संवाद हा त्याचा दात. त्या दाताचा शुभ्र रंग म्हणजे समता. तोडण्याचे हत्यार आणि समतेचा संवाद एकाच मूर्तीत आहेत.

चौथ्या उत्तराने कारण तोडले, माणूस तोडला नाही. ते वाचून संशोधिका पुन्हा त्या देवळात जाईल. पहिली तीन उत्तरे वाचून ती कदाचित घरीच बसेल, आणि शिलालेखाचा काळ कोणालाच कळणार नाही.