बर्फावरील शर्यत आणि शतांश सेकंद

स्कीच्या उतारशर्यतीत स्पर्धक एकमेकांच्या बरोबरीने धावत नाहीत. डोंगरमाथ्यावरून त्यांस एकामागून एक सोडले जाते. त्यामुळे कोण सरस ठरला हे डोळ्यांस कळत नाही; ते घड्याळानेच सांगावयाचे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने उतरणारा स्पर्धक सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर अंतर कापतो.

१९२४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने शर्यतींच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. सर्वांत वर ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद आणि १९६७ पासूनची जागतिक चषकमालिका. त्यांखाली खंडीय चषक. मग महासंघाच्या साध्या शर्यती आणि अगदी तळाशी नवोदितांची प्रवेशश्रेणी. श्रेणी चढत जाते तसतसा मधल्या टप्प्यांवरील वेळा, प्रकाशफलक इत्यादी सरंजाम वाढत जातो. पाया मात्र एकच असतो. महासंघाच्या गणनेतील शर्यतीस परस्परांपासून स्वतंत्र अशी दोन विद्युत् घड्याळे लागतात. ती आधी एकमेकांशी जुळवून घेतात. स्पर्धकाच्या पायाने आरंभद्वारातील दांडी ढकलली जाताच एक क्षण नोंदला जातो. शेवटी प्रकाशशलाका खंडित होताच दुसरा. या दोहोंतील अंतर म्हणजे त्याची वेळ.

याखेरीज स्टॉपवॉच घेतलेली माणसे दोन्ही टोकांस उभी असतातच. विद्युत् घड्याळांनी दगा दिला तर त्यांची नोंद कामी येते. पण मनुष्याचे बोट थोडे मागेपुढे होणारच. म्हणून आसपासच्या दहा स्पर्धकांच्या हाती व विद्युत् नोंदींतील फरकांची सरासरी काढून तेवढी दुरुस्ती करतात. उपाय साधा, पण मोठा चतुर आहे.

यंत्र हजारांशापर्यंत मोजते, निकालात मात्र शतांशापुढील अंक गाळतात. २०१४ साली सोची येथे स्त्रियांच्या उतारशर्यतीत टीना माझे व डोमिनिक गिसिन या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी एकच ठरली आणि दोघींनाही सुवर्णपदक मिळाले.

लहान शर्यतीस एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. विजेत्याच्या वेळेशी असलेल्या प्रमाणावरून प्रत्येक स्पर्धकाचे गुण काढले जातात. त्यांत त्या शर्यतीच्या दर्जानुसार भर पडते. गुण जितके कमी तितका स्पर्धक श्रेष्ठ, आणि ऑलिंपिकची पात्रता या गुणांवरच ठरते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू, काश्मीरचा आरिफ खान, जायंट स्लालम शर्यतीत ४५ वा आला. तेथवर नेणारे गुण त्याने जागतिक चषकाच्या खालच्या पायऱ्यांवरील शर्यतींतच मिळविले होते.